वास नेमका कोणाचा? वाल, मटण आणि दोनशे वर्षांचं एक भांडण

विषय नाकाला रुमाल लावावा असा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जेवता जेवता मोबाईल बघत असाल तर ही पोस्ट नंतर वाचा. थोडी लांब आहे. पण वाचा नक्की, कारण बोलतोय पोटातल्या वाऱ्याबद्दल आणि मुद्दा आहे भाड्याच्या खोलीचा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझा भाचा मालवणचा. इथे डोंबिवलीत नोकरीला लागला, म्हणून त्याच्यासाठी खोली बघत होतो. एका ठिकाणी सगळं जुळलं. भाडं परवडणारं, स्टेशन जवळ, घरमालक बोलायला गोड. डिपॉझिटचं बोलणं झालं आणि मग तो नेहमीचा प्रश्न आला: "सर, मुलगा खाणारा आहे का?"

भाचा म्हणाला, "काका, घरात काही शिजवणार नाही. बाहेरच खाईन."

त्यावर मालक जरा घुटमळले. म्हणाले, "शिजवण्याचा प्रश्न नाही रे बाळा. पण संडास-बाथरूम कॉमन आहे. मच्छी-मटण खाणाऱ्यांच्या पोटाचा वास वेगळाच असतो. आमच्याकडे लहान मुलं आहेत. समजून घ्या, सर."

जिना उतरताना आम्ही दोघेही हसलो. रिक्षा स्टँडपर्यंत आल्यावर मात्र भाच्याने विचारलं, "मामा, तुम्ही आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली ना? खरंच असतं का हो तसं?"

मला उत्तर देता आलं नाही. बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवलं, आणि या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं म्हणजे, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. ते आमच्याच घरातलं होतं. आमचं घर वाईचं, शाकाहारी. १९९१ साली ताईने मालवणकडच्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा आजी म्हणाली होती, "माणसं सोन्यासारखी असतील गं. पण खाणाऱ्यांच्या अंगाला, तोंडाला, सगळ्यालाच वास येतो." लग्न झालं. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की माहेरी येण्याच्या आधी दोन दिवस ताई मासे खाणं बंद करायची. कोणी सांगितलं नव्हतं तिला. माझ्या कानावर आलं तेव्हा मीही काही बोललो नाही.

म्हणून या वेळी ठरवलं की उत्तर शोधायचं. शोधताना कळलं की या वाक्याला भलामोठा इतिहास आहे, आणि त्यात मोठमोठी माणसं गुंतलेली आहेत.

सुरुवात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनपासून करू. पतंग आणि विजेवाला तोच. १७८१ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा वकील होता. ब्रुसेल्सच्या विद्वत्सभेने एक गणिती प्रश्न बक्षिसासाठी जाहीर केला होता. फ्रँकलिनला तो निरुपयोगी वाटला. त्याने चिडवायला म्हणून एक पत्र लिहिलं: असले प्रश्न सोडा, अन्नात मिसळता येईल असं एखादं औषध शोधा, ज्याने माणसाचा वारा सुवासिक होईल. चारचौघांत वारा दाबून ठेवल्याने लोक आजारी पडतात, आणि दाबून ठेवायचं कारण फक्त वास, असं त्याचं म्हणणं.

त्याच पत्रात त्याने आपल्या घरमालकांचा सिद्धान्त मांडून ठेवलाय. शिळं मांस आणि त्यावर भरपूर कांदा खाणाऱ्याची दुर्गंधी कोणाला सहन होणार नाही. काही काळ नुसत्या भाज्यांवर राहिलेल्या माणसाचा वारा मात्र नाजूक नाकालाही कळणार नाही, असा त्याचा दावा. प्रयोग नाही, मोजमाप नाही. गंमतीत लिहिलेलं वाक्य. पण पुढची दोनशे वर्षं लोक हेच गंभीरपणे सांगत राहिले.

फ्रँकलिनची दुसरी एक गोष्ट आहे. तो तरुणपणी काही काळ शाकाहारी होता. बोस्टनहून निघालेल्या जहाजावर वारा पडला, खलाशांनी कॉड मासे पकडले आणि तळायला घेतले. तव्यावरून जो वास आला, त्याने याचं व्रत मोडलं! मोठ्या माशाच्या पोटात छोटे मासे निघाले, तेव्हा तुम्ही एकमेकांना खाता तर मी तुम्हाला का खाऊ नये, असा युक्तिवाद करून तो जेवायला बसला. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या वासाला नाक मुरडणारा हाच माणूस माशाच्या वासापुढे विरघळला होता. वास कुठल्या टोकाचा आहे त्यावर असतं सगळं.

आता प्रयोगांकडे येऊ. १८१६ साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा माजँदी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने, शिरच्छेद झालेल्या कैद्यांच्या आतड्यांतला वायू काढला आणि शव्हरलच्या मदतीने तपासला. अंगावर काटा येतो, पण निरोगी माणसाचा ताजा वायू मिळवायचा दुसरा मार्ग तेव्हा कोणाला दिसला नव्हता. त्यांना सापडलं काय, तर नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन असे आपल्या पाठ्यपुस्तकातले साधे वायू.

पुढची पायरी जर्मनीत. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूगे नावाच्या संशोधकाने जिवंत माणसांवर सरळ आहाराचाच प्रयोग केला. कधी दूध, कधी मांस, कधी कडधान्यं खायला द्यायची आणि बाहेर पडणारा वायू मोजायचा. दुधावर असताना त्यात हायड्रोजन ४३ ते ५४ टक्के निघाला. कडधान्यांवर मिथेन ४४ ते ५६ टक्के. मांसावर मिथेन उतरला, २६ ते ३७ टक्के, आणि नायट्रोजन ४६ ते ६४ टक्क्यांवर गेला. हे आकडे पुढे कित्येक वर्षं शरीरशास्त्राच्या पुस्तकांत छापले जात होते. आहार बदलला की पोटातला वारा बदलतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हायड्रोजनला वास नाही. मिथेनला वास नाही. नायट्रोजन तर आपण चोवीस तास नाकाने घेतो. रूगेने माणसाच्या वाऱ्याचा हिशेब मांडला, आणि त्या हिशेबात वास कुठेच नव्हता. जे नव्व्याण्णव टक्के होतं ते मोजलं गेलं, आणि ज्यावरून भांडण होतं ते उरलेल्या टक्क्यात दडून राहिलं.

या रिकाम्या जागेत मग कल्पना शिरल्या.

१८७७ च्या सुमारास लुडविग ब्रीगर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या विष्ठेतून एक पदार्थ वेगळा काढला. विष्ठेच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचं नाव ठेवलं, स्कॅटोल. प्रथिनं जिवाणूंच्या तावडीत सापडली की त्यांतून असले वासाचे पदार्थ तयार होतात, हे कळलं. इथपर्यंत विज्ञान होतं. पण लोकांनी पुढची उडी मारली: प्रथिनं म्हणजे मांस, मांस आतड्यात सडतं, सडकं म्हणजे विषारी, आणि ते विष रक्तात भिनून माणूस म्हातारा, रोगट, चिडका होतो. या कल्पनेला आपण 'आतड्याचं विष' म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत तिने धुमाकूळ घातला.

बाजूने उभी राहिलेली माणसं काही लहानसहान नव्हती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ, १९०८ चे नोबेलविजेते. मोठ्या आतड्यातल्या सडण्यामुळे म्हातारपण लवकर येतं, आणि आंबट दुधातले जिवाणू ते सडणं थोपवतात, असं त्यांनी मांडलं. ते स्वतः नेमाने आंबवलेलं दूध पीत. आज दुकानात दह्याच्या डब्यांवर 'चांगले जिवाणू' म्हणून जे छापलेलं असतं, त्याचं मूळ इथपर्यंत जातं. ताक पिणाऱ्या आपल्या आजीला हे कोणी सांगायला नको होतं, हा भाग वेगळा.

अमेरिकेत बॅटल क्रीक इथे डॉक्टर जॉन हार्वे केलॉग. कॉर्नफ्लेक्सवाले. ते कडक शाकाहारी, आणि त्यांच्या आरोग्यधामात मोठमोठे श्रीमंत लोक येऊन राहायचे. मांस आतड्यात सडतं आणि त्यातून शरीर व मन दोन्ही बिघडतात, ही त्यांची पक्की शिकवण. दही तर ते दोन्ही बाजूंनी देत, तोंडाने आणि एनिम्याने. त्यांच्याकडे पोट साफ असणं आणि माणूस सज्जन असणं या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्याच नव्हत्या.

लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन त्यापुढे गेले. सगळं विष मोठ्या आतड्यात आहे ना, मग आतडंच कापून काढा! त्यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांवर या शस्त्रक्रिया केल्या. काहींचा त्यात जीव गेला. एका वासाच्या कल्पनेपायी माणसं टेबलावर गेली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

शेवटी १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरने साधा प्रश्न विचारला. पोट साफ न झाल्याने डोकं दुखतं, सुस्ती येते, ते रक्तात विष गेल्यामुळे असेल, तर पोट साफ झाल्याबरोबर पाच मिनिटांत बरं कसं वाटतं? रक्तातलं विष इतक्या लवकर उतरत नाही. म्हणजे त्रास ताणाचा आहे. तीनेक वर्षांनी दुसऱ्या एका संशोधकाने स्वयंसेवकांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून दाखवलं की डोकेदुखीपासून सुस्तीपर्यंत सगळी लक्षणं कापसानेही येतात. कापसात कुठलं आलंय सडकं मांस? डॉक्टरांच्या जगात कल्पनेचा जोर ओसरला. आपल्याकडे मात्र 'मांस पोटात सडतं' हे वाक्य अजून रोज सकाळी फॉरवर्ड होतं.

बरं, मग वास येतो कशाचा?

याचं नीट मोजमाप व्हायला १९९८ उजाडलं. अमेरिकेत मिनियापोलिसला मायकेल लेविट नावाचे पोटविकारतज्ज्ञ होते. आयुष्यभर त्यांनी हाच विषय केला, लोकांनी चेष्टा केली तरी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ निरोगी माणसांना राजम्यासारखे पिंटो बीन्स खायला घातले, नळीने वायू गोळा केला, आणि दोन परीक्षक नेमले. काम एकच, हुंगायचं आणि किती वाईट ते सांगायचं. (ज्यांना आपली नोकरी नकोशी वाटते त्यांनी या दोघांची आठवण काढावी.) दुसरीकडे यंत्राने प्रत्येक घटक मोजला. निष्कर्ष असा निघाला की वास गंधकाच्या संयुगांचा. सगळ्यांत पुढे हायड्रोजन सल्फाइड. मागोमाग मिथेनथायॉल आणि डायमिथाइल सल्फाइड. इंडोल-स्कॅटोलवर शंभर वर्षं ठेवलेला आरोप बराचसा चुकीचा होता. आणि कोळसा भरलेल्या उशीने ही गंधकवायूची मात्रा नव्वद टक्क्यांहून जास्त शोषली गेली.

हायड्रोजन सल्फाइड म्हटल्यावर माझे जुने विद्यार्थी हसतील. बारावीला क्षारांचं विश्लेषण करताना किपच्या उपकरणातून तोच वायू सोडायचो आपण. सडक्या अंड्याचा वास. अख्खा मजला नाक धरून असायचा. इतकी वर्षं मी तो वायू काचेच्या नळीतून सोडला आणि तोच आपल्या सगळ्यांच्या पोटात तयार होतो हे एकदाही वर्गात बोललो नाही.

आता प्रश्न असा की हे गंधक येतं कुठून. मांस, मासे, अंडी यांच्या प्रथिनांत गंधक असलेली अमिनो आम्लं असतात, सिस्टीन आणि मेथिओनीन. जे लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्यातून गंधकवायू सोडतात. इंग्लंडमध्ये २००० साली छापून आलेल्या प्रयोगात ५ निरोगी पुरुषांना रोज शून्यापासून ६०० ग्रॅमपर्यंत वाढतं मांस दिलं. मांस नसताना विष्ठेत सल्फाइड किलोमागे ०.२२ मिलिमोल होतं, ६०० ग्रॅमला ते ३.३८ झालं. म्हणजे पंधरापट. प्रागमधला २००६ चा एक प्रयोग घामाबद्दलचा आहे. १७ पुरुषांना काही दिवस मांस देऊन आणि काही दिवस न देता काखेतल्या वासाची तुलना केली, तर स्त्रियांनी बिनमांसाच्या दिवसांतला वास जास्त पसंत केला.

तर घरमालकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. हे मी प्रामाणिकपणे लिहितोय, नाहीतर या पोस्टला अर्थ नाही. भरपूर मांस खाल्लं तर गंधक वाढतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, उलट इथूनच सुरू होते.

लेविट यांच्या त्या १६ जणांनी काय खाल्लं होतं, ते परत वाचा. कडधान्य! परीक्षकांनी नाक मुरडलं ते कडधान्य खाल्लेल्यांच्या वाऱ्याला. गंधक काही फक्त मटणात नसतं. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांचं अख्खं कूळ गंधकाने भरलेलं. कांदा-लसूण तर विचारूच नका. मुळ्याच्या भाजीनंतरच्या दुपारी कुठल्या शाकाहारी घरात काय होतं, हे मला माझ्या घरावरून माहीत आहे. आणि आजकाल जिमला जाणारी पोरं दुधापासून केलेली व्हे पावडर पाण्यात ढवळून पितात. तिच्यावर हिरवा ठिपका असतो, आणि गंधकाची अमिनो आम्लं तिच्यातही भरपूर असतात.

मग वाल, वाटाणे, हरभऱ्याचं काय? त्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नाही. शाकाहारी असो की मांसाहारी, कोणाच्याच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर तुटून पडतात आणि वायूच वायू करतात. १९९१ च्या एका ब्रिटिश प्रयोगात १० जणांच्या नेहमीच्या जेवणात रोज २०० ग्रॅम बीन्स घातले. चोवीस तासांत साधारण अर्धा लिटर ते दीड लिटर वायू निघाला. तंतुमय पदार्थ काढून टाकले तेव्हा तो पाव लिटरच्याही खाली आला. थोडक्यात, डाळीचा वारा आवाजाचा, मांसाचा वारा वासाचा. एकाचं ऐकू येतं, दुसऱ्याचं कळतं.

मला सगळ्यात जास्त आवडलेला शोध ऑस्ट्रेलियातला आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी माणसाच्या विष्ठेचे नमुने घेऊन त्यांत वेगवेगळे पदार्थ घातले. सिस्टीन घातलं तर गंधकवायू कितीतरी पटीने वाढला. पण सहज न पचणारं पिष्ट आणि कांद्या-गव्हातल्यासारखे तंतू घातले, तर तो पार खाली आला. जिवाणूंना पिष्ट मिळालं की ते प्रथिनांच्या वाटेला कमी जातात. याचा अर्थ वास एकट्या मटणाचा नाही, मटणासोबत ताटात काय आहे त्याचाही आहे. नुसती व्हे पावडर पिणारा शाकाहारी आणि तिवल, भात, सोबत पालेभाजी असं जेवणारा मालवणी, या दोघांत कोणाच्या मागे उभं राहायचं, हे मला तरी जात विचारून सांगता येणार नाही.

आणि हे आपल्याकडे कोणाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक अध्याय फक्त यावर आहे की कुठले वेग दाबून धरू नयेत. असे १३ वेग सांगितलेत आणि त्यांत अपानवायू आहे. शिंक, जांभई, भूक, अश्रू यांच्याच रांगेत. त्यात लाजेचा सूर नाही. त्याच ग्रंथात मांसाचा स्वतंत्र वर्ग आहे, मांसरस अशक्त माणसाला द्यायला सांगितलाय, आणि वात वाढवणाऱ्यांत वालाचं नाव आहे. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकाने बोट दाखवलं ते वालाकडे!

म्हणून तर आपल्या बायकांनी कडधान्याला मोड आणायची रीत घरोघर जपली. रात्री भिजत घालायचं, पाणी फेकायचं, फडक्यात बांधून ठेवायचं. भिजवल्याने आणि मोड आल्याने त्या त्रासदायक साखरा कमी होतात, हे प्रयोगशाळेत फार उशिरा कळलं. आणि वर हिंगाची फोडणी. हा हिंग बघा. कच्च्या हिंगाला जर्मन भाषेत सैतानाची विष्ठा म्हणतात, कारण त्यातही गंधकाचीच संयुगं. तो आला अफगाणिस्तान-इराणकडून. आपल्या मातीत त्याची लागवड सुरू झाली २०२० च्या ऑक्टोबरात, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात कांदा-लसूणही चालत नाही, तिथला रोजचा मसाला हा जगातल्या सर्वांत उग्र वासाच्या पदार्थांपैकी एक आहे. पण त्याला आपण खमंग म्हणतो. सुक्या बोंबलाच्या वासाला मात्र सोसायटीची नोटीस निघते.

इथे मला काय म्हणायचंय ते कळलं असेल. वास नाकात शिरतो, पण तो चांगला की वाईट हे नाक ठरवत नाही. ते घर ठरवतं, जात ठरवते, आणि घराची किल्ली कोणाच्या हातात आहे ते ठरवतं. मृत गाईचं मांस खाण्याचा आणि अस्पृश्यतेचा संबंध काय, यावर बाबासाहेबांनी १९४८ साली अख्खं पुस्तक लिहिलं. ताटावरून माणसाची जागा ठरवण्याचा आपला सराव किती जुना आहे, हे ते वाचलं की कळतं. आज कोणी जात विचारत नाही. 'खाणारे का' एवढंच विचारतात. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली. कारण होतं मांसाहाराचं दर्शन आणि वास. विरोध केला म्हणून १०,००० रुपये दंड झाला. देशातली सर्वांत हुशार पोरं शिकतात तिथे ही गत.

आणि खाणारे म्हणजे कोण? सरकारच्या २०१४ च्या नमुना पाहणीत महाराष्ट्रातले साधारण ६० टक्के लोक मांसाहारी निघाले. दहातले सहा. म्हणजे दहातल्या सहांना घर देताना विचारलं जातंय की तुमच्या पोटाचा वास कसा आहे.

कोणाला मांस खायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. मी स्वतः आजही खात नाही. आपल्या स्वयंपाकघरात काय शिजावं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ज्याने शिजवणार नाही असं कबूल केलंय, त्याचं आतडं तपासायचा अधिकार घरमालकाला कोणी दिला? केलॉगने पोटाचा वास आणि माणसाचं चारित्र्य यांची गाठ मारली. लेनने त्यापायी आतडी कापली. आपण त्यापायी खोली नाकारतो. गाठ तीच आहे.

भाच्याला शेवटी खोली मिळाली. जळगावकडच्या एका मुलासोबत राहतो. तो मुलगा पक्का शाकाहारी. पहिला महिनाभर भाच्याने मासे सोडले, पोट दाबून ठेवलं, संडासला ऑफिसात जाऊन येत होता. हे त्याने मला फोनवर हसत हसत सांगितलं, पण मला ताईचे ते दोन दिवस आठवले. आई आणि मुलगा, मध्ये तीस वर्षं, आणि लाज तीच.

मग एका रात्री प्रकरण आपोआप मिटलं. रूममेटने सकाळ-संध्याकाळ प्रोटीन पावडर सुरू केली होती, त्यात मेसला मुळ्याची भाजी. भाचा म्हणाला, "मामा, मी उठून खिडकी उघडली. तो झोपेतच म्हणाला, सॉरी रे. मी म्हटलं, असू दे. दुसऱ्या दिवशी जाऊन बांगडा खाऊन आलो."

मी ताईला फोन केला. जे तीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते बोललो. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी गेली, आता कशाला?" थोड्या वेळाने म्हणाली, "या रविवारी येते. सकाळी मासे खाऊन येईन." म्हटलं, ये. आणि ती आली.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. हो, आहारामुळे वास बदलतो. तुझाही, माझाही, मालकांचाही. गंधकाला कोणाचा सातबारा माहीत नसतो. आणि बाकीचं उत्तर आपल्या पूर्वजांनी तीन शब्दांत देऊन ठेवलंय, जरा गावठी आहे पण त्याहून चांगलं मला सुचत नाही: पादा पण नांदा.

खोली शोधताना तुम्हाला काय काय विचारलं गेलं, ते जरूर लिहा. आणि तुम्ही घरमालक असाल, तर तुम्ही काय विचारलं होतंत, तेही लिहा.